दुसरा दाणा

१

माणूस सुखी आहे की नाही हे मोजता येतं, अशी १९५७ साली माझी पक्की खात्री होती. धुळ्याच्या एका अध्यापक विद्यालयात मी मानसशास्त्र शिकवायचो. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी एक प्रश्नावली तयार केली होती आणि खानदेशातलं काम मोठ्या विश्वासानं माझ्या गळ्यात घातलं होतं. झोप नीट लागते का, जेवण गोड लागतं का, मन उदास असतं का, असे साधे प्रश्न. उत्तर मात्र ज्याचं त्यानंच द्यायचं, तेही पाचांतलं एक: नेहमी, बरेचदा, कधी कधी, क्वचित, किंवा कधीच नाही.

सुट्टी आली की मी सायकलवर टांग टाकून आसपासची गावं पालथी घालू लागलो. पहिल्याच गावात कौतिकआबा नावाचे म्हातारे दारात खाट टाकून बसले होते. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, गुडघे धरलेले, आणि एकुलता एक मुलगा रुसून भुसावळला निघून गेलेला. हे सगळं मला शेजाऱ्यांनी सांगितलं. मी आबांना विचारलं, "आबा, मन उदास असतं का?"

"नही रे भाऊ. बठ्ठं बरं शे. देवनी किरपा शे. तुमनं कसं शे?"

सगळ्या गावाचं उत्तर हेच. कसं काय विचारणं ही आमच्याकडची रीत, आणि बठ्ठं बरं शे, सगळं बरं आहे, असं म्हणणं ही त्याहून मोठी रीत. घरातलं दुखणं परक्यापुढे काढलं तर ते दुप्पट होतं, असं बायाबापड्यांना मनापासून वाटायचं. सुट्टीभर मी गुळाचा चहा पीत हिंडलो आणि शेवटी सगळा तालुका "नेहमी सुखी" अशी नोंद घेऊन घरी आलो. प्राध्यापकांचं उत्तर आलं की खानदेश इतका सुखी असेल, तर आपण म्हातारपणी तिकडेच राहायला येऊ.

ते मला चांगलंच झोंबलं.

२

त्यावर मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला फार अभिमान होता. जे तोंडानं बोलवत नाही ते हातानं सांगायचं. समोर पाच वाट्या मांडायच्या, डावीकडून उजवीकडे, नेहमीपासून कधीच नाहीपर्यंत. शेजारी दादरचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचे दाणे. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि प्रश्न वाचायचा. समोरच्यानं हव्या त्या वाटीत एक दाणा टाकायचा आणि "झालं" म्हणायचं. मग मी वळायचं, वाट्या बघायच्या, दाणा उचलायचा, की पुढचा प्रश्न. काही बोलायचं नाही, आणि उत्तरावर मीही काही विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मी स्वतः घातला होता. त्याशिवाय माणूस मोकळा होणार नाही, असं मी प्राध्यापकांना ठासून कळवलं होतं.

गावात नेण्याआधी घरी करून पाहावं म्हणून मी बायकोला बसवलं.

कुंदाशी माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. ती चाळीसगावजवळच्या एका खेड्यातली. मोठ्या कुटुंबात वाढलेली, बडबडी, हसताना पदर तोंडावर धरणारी. मला ती इतकी आवडायची की वर्गात शिकवताना मध्येच तिची आठवण येऊन मी फळ्यावर भलतंच लिहायचो. लग्नानंतर आम्ही जुन्या धुळ्यात रतिलालशेठचं घर भाड्यानं घेतलं. एकामागे एक तीन खोल्या. पुढची रस्त्यावर, शेवटी स्वयंपाकघर, आणि मध्ये माजघर. माजघराला खिडकी नव्हती. छपरात एक काचेचं कौल बसवलेलं, त्यातून दुपारी उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडायचा आणि हळूहळू सरकत भिंतीवर चढायचा. भर उन्हाळ्यातही ती खोली गार असे. मी कुंदाला म्हणायचो, धुळ्यात फुकटचं महाबळेश्वर मिळालंय.

ती इथे आल्यापासून जरा कमी बोलते असं मला वाटायचं. मी विचारलं की ती हसायची. "बठ्ठं बरं शे हो," म्हणायची. तिच्या आईनं, भिकुबाईंनी, पाठवणीच्या वेळी तिला हेच बजावलं होतं, सासरी कोणी काही विचारलं तरी बरं शे म्हणजो. तेव्हा खरं सांगायचं तर माझ्या त्या शास्त्रीय प्रयोगाच्या पोटात एक खाजगी प्रश्न होता. माझी बायको माझ्या घरात सुखी आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

३

रविवारची दुपार होती. जेवणं उरकून आम्ही माजघरात बसलो. तिच्या रुखवतातल्या चार पितळी वाट्या आणि पाचवी कमी पडली म्हणून एक जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची. ती जर्मलची मी शेवटी, कधीच नाहीच्या जागी ठेवली. भिंतीकडे तोंड करून मी घसा साफ केला आणि अगदी सरकारी आवाजात वाचलं, "आपल्याला रात्री शांत झोप लागते का?"

मागे कुंदा खुदकन हसली. पितळेवर दाणा पडला, टिण. लगेच तिच्या बांगड्या किणकिणल्या. आणि पुन्हा एक दाणा पडला, टप. ती जर्मलची वाटी होती.

"झालं," ती म्हणाली.

मी वळलो. नेहमीच्या वाटीत एक दाणा होता आणि कधीच नाहीच्या वाटीत एक.

"कुंदाबाई," मी म्हटलं, "एकच टाकायचा असतो."

"एकच टाकला मी."

ती माझ्याकडे बघत नव्हती, वाट्यांकडे बघत होती. मला वाटलं, थट्टा चाललीय. मी दाणे उचलले आणि पुढचा प्रश्न वाचला. जेवण गोड लागतं का? टिण. बांगड्या. टप. मन उदास असतं का? आता पहिला दाणा जर्मलच्या वाटीत पडला. बांगड्या वाजल्या आणि दुसरा पडला नेहमीच्या पितळी वाटीत. प्रश्न उलटला तशी उत्तरंही उलटली होती. म्हणजे दाणे टाकणारं जे कोणी होतं, त्याला प्रश्न कळत होता.

मी सगळे प्रश्न वाचून काढले. प्रत्येक वेळी दोन दाणे. एक अगदी सुखी आणि एक अगदी दुःखी.

४

माझ्यासारख्या माणसाला असल्या वेळी कारणं फार लवकर सुचतात. पहिलं कारण उंदीर. माजघराच्या माळ्यावर जुनी पोती होती, त्यांतून एखादा दाणा घरंगळत असेल. पण माळ्यावरचा दाणा बांगड्या वाजायची वाट बघून पडत नाही. मग वाटलं, तिच्या बांगडीत दाणा अडकत असेल. पुढच्या रविवारी मी दाण्यांचा डबा झाकण लावून स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि प्रत्येक प्रश्नाआधी तिच्या तळव्यावर मोजून एक दाणा ठेवला. तरी दोन पडले. डब्याचं झाकण माझ्या हाताखाली घट्ट होतं.

"कुंदा, तू खरंच एकच टाकतेस?"

"एकच."

कोणता, हे मी विचारलं नाही. एक तर नियम माझाच होता. दुसरं म्हणजे विचारायची गरजच मला वाटली नाही. हसरी, लाडकी बायको माझी, वर्षभरात कधी तोंड वाकडं केलेलं नाही, तिचा दाणा सुखाचाच असणार. बांगड्यांचा आवाजही तेच सांगत होता. कुंदा दाणा टाकते, हात मागे घेते, बांगड्या वाजतात, आणि मग ते दुसरं कोणी आपला दाणा टाकतं. आता त्या दुसऱ्याचं काय, एवढाच प्रश्न होता.

रतिलालशेठकडे भाडं द्यायला गेलो तेव्हा सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आधी या घरात कोण राहायचं.

"बरीच माणसं राहून गेली, शालिग्राम मास्तर," शेठ म्हणाले. "पण घर गुणाचं बघा. तिथे कोणी नाखूश राहिलेलं मी पाहिलं नाही. ज्याला विचारलं तो म्हणे, बरं आहे, एकदम बरं आहे."

मी घरी आलो आणि कुंदाला सांगितलं की शेठ घराची फार तारीफ करत होते. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला.

५

भीती वाटत होती का, तर हो, वाटत होती. पण मला लाज वाटेल इतकी त्यात उत्सुकताही मिसळलेली होती. आणि काही आठवड्यांनी त्यातच दया येऊन मिसळली.

मी त्या दुसरीला मनातल्या मनात "ती" म्हणू लागलो होतो. पुरुष असेल असं मला कधी वाटलंच नाही. बिचारीला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. "आपल्याकडे सतत कोणी बघत आहे असं वाटतं का?" या प्रश्नाला तिचा दाणा जर्मलच्या वाटीत कधी पडला नाही, नेहमीच्या पितळीत पडायचा. मी पुण्याची प्रश्नावली बाजूला ठेवली आणि तिच्यासाठी माझे प्रश्न करू लागलो. तुम्हाला एकटं वाटतं का? नेहमी. इथून जावंसं वाटतं का? नेहमी. कोणाला सांगावंसं वाटतं का? नेहमी. हा शेवटचा दाणा इतक्या घाईनं पडला की वाटीबाहेर उडाला आणि फरशीवर गोल फिरत राहिला. भिंतीकडे बघता बघता माझे डोळे भरून आले. इतकं दुःख त्या गार अंधाऱ्या खोलीत माझ्या पाठीमागे बसलेलं होतं आणि मला त्याचा चेहराही माहीत नव्हता.

कुंदाला मात्र या खेळाचा कंटाळा आलेला दिसला नाही. उलट रविवार उजाडला की भांडी घासून तीच वाट्या मांडून ठेवायची, चटई टाकायची. मी एकदा म्हटलं, "आज राहू दे. तू दमलेली दिसतेस." तर म्हणाली, "नको. बसू या. तुमचं काम शे ना." तिच्या गालांची हाडं वर आली होती. मी तिला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी टॉनिक लिहून दिलं. तिच्या समोरच्या ताटातलं वरण-बट्टी तसंच राही आणि मी आग्रह केला की ती दोन घास माझ्यासाठी खाई.

एकदा मी विद्यालयातून लवकर घरी आलो. पुढचं दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तेव्हा माजघरातून स्वयंपाकघराकडे जाताना मला तिची पाठ दिसली. मी घेतलेलं अंजिरी लुगडं, त्याचा काठ उंबऱ्यावरून आत गेला. मला बरं वाटलं. ते लुगडं ती नेसतच नव्हती. चपला काढून मी आत गेलो आणि म्हटलं, "शेवटी नेसलीस म्हणायची."

कुंदा चुलीपुढे बसलेली होती. अंगावर रोजचं निळं लुगडं. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे माजघराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चहा ठेवते."

बदललं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नऊवार लुगडं तेवढ्या वेळात कसं बदलता येईल, हा विचार मी केला नाही. मी अविवाहित असतो तर एक वेळ ते चाललं असतं.

६

एप्रिलात मी तो प्रश्न विचारला.

"तुम्हाला कोणी त्रास देतं का?"

पहिला दाणा जर्मलमध्ये. कुंदाला कोणी त्रास देत नव्हतं, हे मला ठाऊकच होतं. बांगड्या वाजल्या. मग पितळी वाटी. नेहमी.

मी वळून दाणे उचलले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "त्रास देणारं ते माणूस या घरात आहे का?"

तेच. पहिला नाही म्हणाला, दुसरा हो.

"ते माणूस मी आहे का?"

या वेळी फार वेळ गेला. मग जर्मलवर एक दाणा पडला आणि पाठोपाठ त्याच वाटीत दुसरा. दोघींनी पहिल्यांदाच एक उत्तर दिलं होतं. कधीच नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं "आभारी आहे" म्हणून गेलो, आणि माझा आवाज मलाच परका लागला.

पण पुढचा विचार आपोआप आला. घरात मी, कुंदा आणि ती. मी नाही. मग कोण उरलं?

त्या आठवड्यात मी माझ्या बायकोकडे चोरून बघू लागलो. सांगायला जीभ रेटत नाही, पण तसं झालं. ती कणीक मळताना, केस विंचरताना, दारात उभी राहून मला हात करताना मी तिच्यात काहीतरी शोधत होतो. इतकं सुख कुठून येतं? प्रत्येक प्रश्नाला नेहमी सुखीच कसं कोणी असू शकतं? तिच्या हसऱ्या तोंडामागे कोणाला तरी छळणारं माणूस असेल का? तिच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी माझा हात धरून ती नुसती बसून राहिली. तिचे हात गार होते. मी हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

७

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशातली लेक आखाजीला माहेरी गेली नाही असं होत नाही. कुंदाचा धाकटा भाऊ अभिमन तिला न्यायला आला. येताना आईनं दिलेली कैऱ्यांची पिशवी घेऊन आला आणि पुढच्या खोलीतच बसला.

"दाजी, तुम्हीबी चला ना. माय वाट देखी राहिनी."

मी पेपर तपासायचे आहेत म्हणालो. तसे ते होते, पण मला एकटं राहायचं होतं. कुंदा नसताना ती दुसरी माझ्याशी मोकळं बोलेल, तिची सुटका कशी करायची ते मला कळेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं.

स्टेशनवर चाळीसगावची गाडी उभी होती. कुंदा खिडकीत बसली. गाडी सुटायच्या आधी तिनं माझी बाही पकडली. "तुम्ही एकटे त्या वाट्या मांडून बसू नका."

"बरं," मी म्हणालो.

"लवकर या. आजच या."

गाडी हलली तसा तिचा चेहरा फुलल्यासारखा झाला. माहेरी चाललेल्या लेकीचा चेहरा, असं म्हणत मी परत आलो. वाटेत मला शीळ घालावीशी वाटत होती.

दुपारी माजघरात मी वाट्या मांडल्या. उन्हाचा चौकोन चटई ओलांडून भिंतीवर चढू लागला होता. मी दाण्यांचा डबा उघडा ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि शक्य तितक्या मायेनं म्हणालो, "आता आपण दोघंच आहोत. घाबरू नका. तुम्ही सुखी आहात का?"

माझे कान जर्मलच्या वाटीकडे लागले होते. त्या टप अशा आवाजासाठी मी तयार होतो.

टिण.

ओळखीचा आवाज, पहिली पितळी वाटी. नेहमी.

मी थांबलो. बांगड्या वाजल्या नाहीत. दुसरा दाणा पडला नाही. बाहेर रस्त्यावरून कोणी बैलगाडी हाकत गेलं, तिचा आवाज लांब जाईपर्यंत मी थांबलो. दुसरा दाणा पडलाच नाही.

बांगड्या पहिल्या दाण्याच्या नंतर वाजायच्या. दुसऱ्याच्या आधी. कुंदा हात मागे घेते म्हणून नव्हे, तर आता आपली पाळी आली म्हणून ती हात पुढे करते, तेव्हा. इतके रविवार ते बांगड्यांचं किणकिणणं मी ऐकत आलो होतो आणि माझा मेंदू हेवा वाटावा इतक्या आत्मविश्वासानं ते उलटं लावत आला होता.

जिला झोप लागत नव्हती ती कुंदा. जिला कोणाला तरी सांगायचं होतं ती कुंदा.

मी भिंतीकडेच बघत होतो. तसंच विचारलं, "या घरात आणखी कोणी असावं असं तुम्हाला वाटतं का?"

टप. ती जर्मलची वाटी. मग चटई करकरली, बसल्या जागी कोणी जवळ सरकल्यावर करकरते तशी. माझ्या पाठीला गारवा लागला. भिंतीवर चढलेल्या उन्हाच्या तुकड्यात मला एक सावली दिसली, डोक्यावरून पदर घेतलेली, मान कलती करून माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट बघणारी.

मी वळलो नाही. भिंतीला धरून उठलो, भिंतीला धरूनच पुढच्या खोलीत आलो आणि चपला पायांत सरकवल्या. तेव्हा मागे दाणा पडला. मी काही विचारलं नव्हतं. आणखी एक पडला, मग आणखी, घाईघाईनं, सगळे जर्मलच्या वाटीत, कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. मी घाबरलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, तिची कीवही येत होती. दार लावून घेताना मी मागे पाहिलं नाही.

८

मिळेल ती गाडी पकडून मी कुंदाच्या गावी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. कडुनिंबाला झोके बांधले होते, बायापोरींचा गलका चालला होता. जावई एवढ्या तातडीनं धावत आलेला पाहून त्यांना गाणी थांबवून हसायला निमित्त मिळालं. "राहवनं नही का मास्तरले?" कोणीतरी ओरडलं. कुंदा झोक्यावर होती. मला पाहताच ती उतरली आणि माझ्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली. आम्ही गोठ्याच्या आडोशाला गेलो.

"मी वाट्या मांडल्या होत्या," मी म्हणालो. "एकच दाणा पडला. पहिलाच."

तिनं डोळे मिटले. "मंग कळलं तुम्हाला."

"कुंदा, तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत नव्हते?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता. "दर ऐतवारी सांगत होते. तुम्ही विचारलं तितल्या बारी सांगितलं. तुम्हीच त्या भिंतीकडे तोंड करून बसत होते."

"तोंडानं सांगायचं होतंस."

"त्या घरात? तिला ऐकू नसतं गेलं?" तिनं माझी बाही धरली, स्टेशनवर धरली होती तशीच घट्ट. "तुम्ही तिकडे तोंड केलं की ती माझ्यासमोर बसे. पहिले ती टाके. मंग माझ्याकडे देखी हासे, आते तुनी पाळी म्हणे. मनंच लुगडं नेसेल राहे ती. ते अंजिरी."

ज्या दुःखासाठी मी भिंतीपुढे बसून डोळे ओले केले होते ते माझ्याच बायकोचं होतं. माझ्या ताटात वाढत होतं, माझ्या शेजारी निजत होतं, आणि मी त्याच्यावर संशय घेत होतो. मी तिला सांगितलं की त्या घरात आपण पुन्हा पाऊल टाकणार नाही, वाट्या राहू देत, कपडे राहू देत, नोकरीही राहिली तर राहू दे. मग मला वाटलं की एवढ्यानं भागणार नाही. मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिच्या समोर, तिच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो.

"कुंदा, तू माझ्याजवळ सुखी आहेस का?"

तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या खांद्यामागे गेली आणि तिथेच थांबली. ती श्वास रोखून उभी होती. मला आधी काही कळेना. मग कळलं. आधी उत्तर देणारीला ती वेळ देत होती.

मागे झोक्याच्या दोरांची करकर तेवढी ऐकू येत होती. आणखी काही नाही. बराच वेळ तिनं तशी वाट पाहिली.

"नव्हते," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आते विचारा."